आठव्या मानांकनाचं गाऱ्हाणं, घरच्या पत्त्यावर

अकोला, मंगळवार

तीर्थस्वरूप पंजाबमामांना,

संध्याचा जयभीम. इकडे सगळे बरे आहेत. गुडघा सोडला तर मीही बरी. तुमचा घसा कसा आहे? रविवारी माइकवर एवढं बोललात, म्हणून आई काळजी करून राहिली. मैनामामींकडून हळद-दूध घ्या आणि थोडे दिवस बोलू नका. (हे शेवटचं आईचं नाही, माझं.)

फोन असताना पत्र कावून, असं वाटेल. अमरावतीच्या मैदानावर मी तुमच्याकडे धावत आले, तेव्हा तुम्ही छातीवरचा बिल्ला सरळ करत म्हणालात, "इथं मी अध्यक्ष आहो, मामा घरी." म्हणून घरी लिहिते. स्पर्धा समितीच्या अध्यक्षांबद्दल मला मामाजवळ चार गोष्टी बोलायच्या आहेत. त्या गृहस्थांना तुम्ही जवळून ओळखता, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

सुरुवात मानांकनापासून. गेल्या वर्षी मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन हॉकीत आमचं कॉलेज उपविजेतं होतं, त्यामुळे यंदा दुसरं मानांकन आमचंच, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच्या बैठकीला कोणाला पाठवता, हे विचारायला प्राचार्यांकडे गेलो, तर मानांकनाचा 'सीडिंग' हा इंग्रजी शब्द ऐकून त्यांनी आम्हाला कृषी विद्यापीठात जायला सांगितलं. (बियाणं तिथं चांगलं मिळतं, हे खरं आहे.) शेवटी कमलाकांत सर गेले. सर संस्कृत शिकवतात. कामं वाटली त्या दिवशी ते रजेवर होते, म्हणून क्रीडा विभाग त्यांच्याकडे आला. सर अमरावतीहून फार खुशीत परतले. जेवणात श्रीखंड होतं, समितीची माणसं मोठी अदबशीर होती आणि आपल्याला आठवं मानांकन मिळालं, म्हणाले. आठ संघांत आठवं. वर त्यांनी समजावलं, की मोठा आकडा म्हणजे मोठा मान, असं अध्यक्षांनी त्यांना स्वतः शेजारी बसवून सांगितलं होतं. (मामा, हे तुम्ही खरंच म्हणालात की श्रीखंड बोललं, ते मामींसमोर सांगा.) पहिलं मानांकन यजमानांना, म्हणजे अध्यक्षांच्याच कॉलेजला. गेल्या वर्षी ते पहिल्या फेरीत हरलं होतं. पण मैदान त्यांचं, मांडव त्यांचा आणि श्रीखंडही त्यांचंच.

बाद फेरीत पहिल्याची गाठ आठव्याशी, म्हणजे आमची थेट यजमानांशी. तयारी काय सांगू? आमच्या मैदानावर तेव्हा घरगुती वस्तूंचं प्रदर्शन होतं, म्हणून सराव पार्किंगमध्ये. गोल म्हणजे भिंतीचा एक तुकडा आणि त्याच्यापुढे प्राचार्यांची नवी गाडी. आमची गोलकीपर रूपाली, तेल्हाऱ्याची, ती गाडीपुढे उभी राहायची. गाडीवर ओरखडा आला तर संघ बंद, अशी ताकीद होती. एकही ओरखडा आला नाही. एवढं कडक शिक्षण तुमच्या कोणत्याही शिबिरात मिळत नसेल.

सामना तुम्ही पाहिलात, म्हणजे निदान तिकडे तोंड करून बसला होतात. आधी यजमानांचा गोल झाला, मग पेनल्टी कॉर्नरवर माझा. शेवटच्या सत्रात त्यांना पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि रूपालीने तो डाव्या पायाने असा अडवला, की तुमच्या मांडवातलेही लोक उभे राहिले. (अध्यक्ष बसून होते.) आता चेंडू आमच्याकडे, समोर त्यांची दमलेली फळी, आणि नेमकी प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली. खेळ थांबवला. पाहुण्यांनी लहानपणी खेळलेल्या क्रिकेटबद्दल सांगितलं, आम्हाला कबड्डीसाठी शुभेच्छा दिल्या आणि पुढचा कार्यक्रम तिवस्याला म्हणून निघाले. तोवर उन्हात उभ्या राहून आमचे पाय आखडून गेले. मग तुम्ही माइक घेतला. वेळ कमी आहे, तेव्हा शूटआउट होणार नाही, बरोबरी राहिल्यास वरच्या मानांकनाचा संघ पुढे जाईल, असं जाहीर केलंत. मी धावत आले ती तेव्हाच, आणि बिल्ल्याकडे बघून परत गेले.

त्यानंतर यजमानांनी गोल करायचं सोडूनच दिलं. कोपऱ्यात चेंडू एकमेकींना देत राहिल्या, आपसात हळदीकुंकू चालल्यासारख्या. शिट्टी झाली, बरोबरी झाली आणि आम्ही बाहेर.

रूपालीने बसमध्ये बसल्यावरही हेल्मेट काढलं नाही. बसमध्ये हेल्मेट कधी सक्तीचं झालं, असं कंडक्टरने विचारलं, तर कोणी हसलं नाही. बडनेरा मागे पडल्यावर तिने ते काढलं आणि खिडकीकडे तोंड केलं. कमलाकांत सर काहीतरी श्लोक म्हणणार होते, पण त्यांनी तो गिळला. सरांबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला.

असो. समारोपात अध्यक्ष म्हणाले म्हणे, की खेळात हारजीत चालायचीच. आमच्या सामन्यात दोन्ही झालं नाही, तरी घरी आम्हीच आलो.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
संध्या

ता. क. काल मामींचा फोन आला. विद्यापीठाच्या संघात माझं नाव आहे म्हणून त्या पेढे वाटून राहिल्या. मी चौकशी केली, तर निवडही तुमच्याच समितीने केलेली. मुली पहिल्या चार मानांकनांतूनच घ्यायचं ठरलं होतं, तरी आठव्यातून एक घेतली आणि ती नेमकी तुमची भाची. गोलकीपर मात्र यजमानांची, जिने माझा गोल खाल्ला. मैदानावर तुम्ही मामा नव्हता, मग निवडीत कसे झालात? माझं नाव काढा आणि रूपालीला घ्या. हेच सांगायला पत्र लिहिलं. बाकी सगळा राग होता.

आणखी ता. क. आईने पत्र वाचलं आणि मला वेडी ठरवलं. मी तिला म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, मी मागे हटणार नाही. तरीही, मामा, दोघींनाही घेता येत असेल, तर तत्त्वाचं मी इकडे बघून घेईन.