थंड खोलीतली बत्ती

३ डिसेंबर
पालक परत पिवळा! रविवारी खुडलेला, आज मंगळवार, आणि कडा गेल्या. उद्या कात्रपला सव्वीस घरांत द्यायचाय. देऊ काय, कपाळ? कल्पेश होता तेव्हा दोघं नवराबायको मिळून एका सकाळीत खुडायचो आणि जेवायच्या आत पोचवायचो. आता मी एकटी. तीन दिवस खुडत बसते, तोवर आधीचं शिळं होतं. मेथीचं तर नावच नको.

आय, माझ्या सासूबाई, म्हणतात, "वला गोनपाट टाक गो." टाकलाय की! ओला गोणपाट आहे, एसी आहे, दार घट्ट आहे. मागची भाताची खोली कल्पेशनंच थर्माकोल लावून थंड करून घेतली होती, खिडकीही विटांनी बुजवली. दार लावलं की आत मिट्ट काळोख. मी जाते, क्रेट ठेवते, बाहेर येते. तेवढा वेळ श्वास धरून.

४ डिसेंबर
उमा मॅडमकडे पिवळी जुडी गेली. लाजेनं मान वर होईना. त्या अंबरनाथला शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता रिटायर. चिडल्या नाहीत, उलट बसवून चहा दिला. खोली कशी आहे ते सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "विनिता, उजेड दे त्यांना. मंद असू दे, पण दे."

मी म्हटलं, खुडलेल्या भाजीला उजेड कशाला? मेलेलीच ती.

"मेलेली नाही गं. पान तोडलं तरी काही दिवस जिवंत असतं. उजेड मिळाला की थोडं थोडं खायला करत राहतं. अंधारात ठेवलं की स्वतःलाच खातं, म्हणून पिवळं पडतं."

कप तसाच ठेवून उठले. गाडी काढली, पण सोनिवलीच्या वळणावर थांबावं लागलं. गाडी बंद करून बसले.

५ डिसेंबर
लिहूनच टाकते. इथे नाही तर कुठे?

१८ ऑक्टोबर. दुपारची जेवणं झाली, आय आडव्या झाल्या. मी ऑर्डरी घेऊन निघाले. मागच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसला. बत्ती चालू ठेवून जायची कल्पेशची खोडच होती, कितीदा भांडलोय त्यावरून. "याचं कधी सुधारायचं नाही," असं म्हणत बटण बंद केलं. बटण बाहेर आहे. आतून लावताच येत नाही.

दार उघडून बघितलं नाही. का बघितलं नाही?

पाच वाजता आले तर तो आत. क्रेटच्या मधे, एका कुशीवर. डॉक्टर म्हणाले अटॅक. मी विचारलं, लगेच गेला का? "सांगता येत नाही. पाच मिनिटं म्हणा, तासभरही असेल."

बटणाचं कोणालाच सांगितलं नाही. आयला नाही, लेकीला नाही.

८ डिसेंबर
जिज्ञासानं कॉलेजवरून येताना उल्हासनगरच्या मार्केटमधून एलईडी पट्ट्या आणल्या. "मम्मी, दुकानवाला पूछ रहा था पार्टी है क्या! म्हटलं हो, पालकची पार्टी." पोरगी दीड महिन्यात पहिल्यांदा हसली. पट्ट्या तिनंच चिकटवल्या. बटण दाबायची वेळ आली तर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

११ डिसेंबर
आज चौथा दिवस. पालक हिरवा. मोडला तर कट्‌कन आवाज! सव्वीसच्या सव्वीस जुड्या गेल्या.

आनंद व्हायला पाहिजे होता. संध्याकाळी पुन्हा जाऊन एकेक पान उलटून बघितलं. सगळी जिवंत. उजेड पुरला म्हणून जिवंत. राग आला मला त्या पानांचा. खोटं कशाला लिहू?

१५ डिसेंबर
आय आता खोलीच्या दारात पाट टाकून बसतात. शाल गुंडाळून, तासन्‌तास. म्हटलं गारठाल. ऐकतायत कुठे! आज हळूच म्हणाल्या, "बरा केलास. त्याचेसाठी लावलीस ना बत्ती?"

कल्पेश गेला त्या जागी आपल्यात ठेवतात तसा दहा दिवस दिवा ठेवला होता. दहाव्याला काढला. ही बत्ती म्हणजे तोच दिवा, असं त्यांनी धरलंय. भाजीसाठी आहे म्हणून सांगायला हवं होतं. मी हो म्हटलं.

१७ डिसेंबर
शेजारच्या बनूबाई येऊन सुनावून गेल्या. "दहाव्यापुढं दिवा ठेवू नये. जीव घुटमळत राहतो त्याचा. सोड की त्याला आता."

आय त्यांच्या अंगावर गेल्या. "माझे घरातली बत्ती कोनी बंद करायची नाय. कोनी म्हंजे कोनी नाय." हे म्हणताना बनूबाईंकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. की मलाच तसं वाटलं?

२२ डिसेंबर
बत्ती दिवसरात्र चालू. आणखी दोन पट्ट्या लावल्या, कोपरा कोपरा उजळला पाहिजे म्हणून. आणि मेथी मान टाकतेय. पिवळी नाही, पण सुकलेली, मऊ पडलेली.

२४ डिसेंबर
उमा मॅडम म्हणाल्या, "अगं, भाजते आहेस की काय त्यांना? जास्त उजेडानं पाणी उडून जातं. दोनच पट्ट्या ठेव, त्याही लांब. आणि दिवसातून दोन-तीन तास पुरे. टायमर लाव आणि विसरून जा."

विसरून जा, म्हणे.

२ जानेवारी
टायमर आणलाय. डब्यातून काढला नाही.

५ जानेवारी
निम्मी मेथी गुरांना घातली. कात्रपची चार घरं तुटली. जिज्ञासाची पुढल्या वर्षाची फी याच भाजीतून भरायची आहे. मेलेल्यासाठी लेकीचं वाटोळं करू का? टायमर लावते उद्या. आयला सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

९ जानेवारी
दुपारी आय आणि मी आत बसून मेथी पिशव्यांत भरत होतो. थंडी वाजत होती म्हणून दार लोटलेलं. टायमरचं डोक्यातूनच गेलं. टक्‌ झालं आणि काळोख!

मी जागची हलले नाही. कुठे होते, काय होते, काही कळेना. फक्त थंडी, आणि मेथीचा वास. त्याला पण हाच वास आला असेल.

मग अंधारात आय बोलल्या. साध्या आवाजात, जेवायला वाढू का विचारावं तशा. "अशा काळोखातच बोलला तो. 'बत्ती लाव.' दोनदा बोलला."

मी म्हटलं, कोण?

"माझा पोर. मी पडलेली भिंतीपल्याड. आयकला मी. मना वाटला तुला सांगतंय, तू लावशील. मीनी कूस बदलली गो." एवढं बोलून रडायला लागल्या. "उठलू असतू तर? चार पावलांव व्हता."

त्यांना धरून बाहेर आणलं. पाणी दिलं. "तुमची काय चूक, आय," असं म्हणाले. माझ्याच तोंडून म्हणाले! जीभ कशी झडली नाही.

१० जानेवारी
जिवंत होता. बोलत होता. मला हाक मारत होता आणि मी गाडीला किक मारत होते.

११ जानेवारी
आय जेवल्या नाहीत. म्हणतात, मीच मारला त्याला. दिवसभर तेच. ही म्हातारी माझं पाप डोक्यावर घेऊन मरेल, आणि मी गप्प बसून बघणार?

सांगितलं तर घरात ठेवतील का? जिज्ञासा तोंड बघेल का माझं? सगळा विचार करून झाला. तरी सांगायला पाहिजे.

१३ जानेवारी
सांगितलं. भाकऱ्या थापता थापता, पाठमोरीच. "आय, त्या दिवशी बत्ती मी बंद केली. आत न बघता."

भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "ठाव हाय. तुझी चप्पल आयकली, बटन आयकला, मंग त्याची हाक. म्हनून तर मी उठलू नाय, बोल्लू, बायको हाय तिथं. तवापासून ठाव हाय मना."

तेव्हापासून! तीन महिने रोज माझ्याच हातचं जेवतायत. मी मागे वळले तर भाकरीसाठी ताट पुढे घेऊन बसल्या होत्या.