न उचललेला बेलभंडारा

आबा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची लिहिली. कुरण देताना साहेबांनी देवापुढचा बेलभंडारा उचलला असं मी लिहिलं होतं, आणि तो त्यांना उचलायला लावलात म्हणून तुमचं कौतुकही केलं होतं. साहेबांनी बेलभंडारा उचलला नव्हता. हे मला परवा कळलं. तुम्हाला ते पहिल्यापासून माहीत होतं, हेही परवाच कळलं. ते पत्र मी फाडलेलं नाही, पेटीत तसंच आहे. हे त्याच्यावर ठेवीन, म्हणजे कधी कुणाच्या हाती लागलं तर आधी हे वाचलं जाईल.

मला तो दिवस आठवतो तो असा. दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. देवळापुढच्या लिंबाखाली सगळा गाव बसलाय आणि मी आईच्या गुडघ्याला टेकून बसलेय. साहेब सोलापूरहून जीपने आलेत, टोपी काढून हातात धरलीय. त्यांच्या संस्थेला आपलं कुरण हवंय, माळढोकासाठी. ते सांगतात, मी सगळा जिल्हा हिंडलो, पण हा पक्षी तुमच्या गवतात जसा निर्धास्त अंडं घालतो तसा दुसरीकडे घालत नाही, कारण आषाढ लागला की तुम्ही कुरण बंद करता आणि दसऱ्यापर्यंत तिथं मेंढरू फिरकू देत नाही. लोक हसतात. आपण ते पक्ष्यासाठी कधीच करत नव्हतो, गवतासाठी करत होतो. दसऱ्याला तुम्ही कुरणाच्या तोंडाशी नारळ फोडायचा आणि ‘उघडलं’ म्हणायचा. मग ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घरचा विळा आधी चालायचा, बाकीचे बांधावर उभे राहायचे. गाडी न्यायची नाही, डोक्यावर पेलेल तेवढाच भारा. तुमचा धाकटा भाऊ गेल्यापासून दरवर्षी पहिला विळा काकीचा असायचा.

साहेब म्हणतात, तारेचं कुंपण घालू, राखणदार गावातलेच ठेवू, आणि कुरण दसऱ्याला उघडतं तसंच उघडेल. मागून कुणीतरी बोलतं, आज तुमी हाय, उद्या दुसरा कोन यील त्येचं काय? तेव्हा तुम्ही उठता. देवापुढं बेलाचं पान ठेवता, त्यावर हळदीचा भंडारा. आपल्यात याच्यापुढं काही नाही. ज्यानं तो मुठीत धरला आणि तोंडानं बोलला, त्याचं बोलणं त्याच्या मागून येणाऱ्यावरही बसतं. साहेब वाकतात, भंडारा कपाळाला लावतात, पान खिशात ठेवतात, हात जोडतात. ढोल सुरू होतो. ‘उचलला’ म्हणत गाव उठतो. ते तोंडानं काही बोलले का, हे ढोलात ऐकू आलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्यांच्या शेजारी तुम्ही उभे होता. तुम्ही उभे असल्यावर कोण विचारणार?

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते, संस्थेनं गावाला पुष्कळ दिलं. पुढच्या वर्षी पाऊस आला नाही, तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता आणि एका दुपारी तिथंच पडलात ते उठला नाहीत. त्या वर्षी साहेबांनी दसऱ्याची वाट न पाहता वाळकं गवत गावाला कापू दिलं. पोरांना सुकडी वाटली. गुरांना पाण्याचा हौद बांधला, तो अजून गळत नाही. मेंढरांना लस टोचायला डॉक्टर येतो. आपल्या गावचे चौघे राखणदार आहेत आणि त्यांच्या घरात चूल नेमानं पेटते. मी मॅट्रिक झाल्यावर मलाही संस्थेनंच कामावर घेतलं. सकाळी पोरांचा वर्ग, दुपारी बायकांचा. मुंबईपुण्याचे पाहुणे पक्षी बघायला येतात, तेव्हा आधी त्यांना हौद दाखवतात आणि मग मला. ही इथल्याच धनगराची मुलगी, घरात पहिलीच शिकलेली, आपणच शिकवली, असं त्यांना सांगतात. मी नमस्कार करते. मला त्यात कधी काही वाईट वाटलं नाही, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तेवढं तेव्हा खरं होतं.

आता साहेब म्हातारे झालेत आणि कारभार नव्या मंडळींकडे आहे. त्यांनी यंदा ठरवलं की कुरण उघडायचं नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही. गवत उभं राहिलं पाहिजे, माणसाचा पाय नको. त्याच्या बदल्यात बायकांना शिलाई मशीन, आणि उन्हाळ्यात गुरांच्या वैरणीला करकंबकडून उसाचं वाडं आणून देणार. मला ऑफिसात बसवून हे समजावून सांगितलं. वाईट बोलले नाहीत, चहाही दिला. एवढं सगळं आपण गावासाठी करतो, गावानं एवढं करायला काय हरकत आहे, असं म्हणाले. मी म्हणाले, हौद तुम्ही दिलात, कुरण तुम्ही दिलेलं नाही. हे मी फार हळू बोलले असेन, कारण ते लगेच सभेच्या दिवसावर गेले. नवरात्रातल्या अष्टमीला, दसऱ्याच्या आधी, देवळापुढं सभा घ्यायची आणि लोकांना मी सांगायचं, असं ठरलं. तुझं ऐकतील, म्हणाले.

मी आधी काकीला सांगितलं. ती म्हशीला पाणी पाजत होती. मशीनचं ऐकून म्हणाली, “म्हशीला झबलं शिवू व्हय गं, मास्तरीणबाई?” वाड्याचं ऐकून म्हणाली, बघू तर, ऊस खाऊन दूध गोड येतंय का. मला रडू यायला लागलं तशी तिनं पदरानं हात पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवला. “येडी का काय तू? सायबानं भंडारा उचललाय. तुज्या बानं उचलायला लावलाय. ह्ये नवं लोक त्येच्या फुडं जातील व्हय? अष्टमीला आमी समदी हेच बोलनार हाय की.” तिनं विळा पाजवायला टाकलासुद्धा आहे. दरवर्षी टाकते तसा.

म्हणून मी साहेबांकडे गेले. त्यांनी एकदा नव्या मंडळींना सांगावं की मी शपथ घेतलीय, एवढंच मागायला. सोलापुरात त्यांचं घर लहान आहे, ओसरीत वेताची खुर्ची, भिंतीवर माळढोकाचा फोटो. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “शपथ? अगं, तो प्रसाद होता ना?” मग त्यांना आठवत गेलं. सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं की मी आहे तोवर कुरण उघडेल, माझ्या मागून येणाऱ्यांचं वचन मला देता येणार नाही, आणि देता येत नाही ते मी देणार नाही. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते साहेबांनी तुमच्याच बोलीत, हसत हसत सांगितलं. “वचन देऊ नगासा, सायेब. फकस्त कपाळाला लावा आन् गप ऱ्हावा. बाकीचं मी बघतो. पोरीच्या शाळंचं तेवढं तुमी बघा.” आणि माझ्याकडे बघून म्हणाले, फार दूरचं बघणारा माणूस होता तुझा बाप. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

मी चहा संपवला. कप विसळून ठेवला. एसटीत उभं राहून आले.

आबा, मी लहान असताना पाण्याची घागर फुटली तेव्हा तुम्हाला आठवतं का? मी देवळातून चिमूटभर भंडारा आणला आणि मुठीत धरून म्हणाले, मी नाही फोडली. तुम्ही माझा हात धरून भंडारा परत देवापुढं झाडायला लावला होता. मारलं नाही. एवढंच म्हणालात, “घागर गेली तर दुसरी यील. भंडाऱ्याफुडं खोटं बोललं तर दुसरा भंडारा न्हाय.” त्यानंतर मी कधी खोटं बोलले नाही. लोक मला भित्री म्हणतात, एकेक शब्द चाचपून बोलते म्हणून हसतात, वर्गातली पोरं नक्कल करतात. ते सगळं त्या घागरीपासून आहे. आणि ज्यानं मला असं केलं, त्यानं स्वतःच्या भावजयीपुढं, सगळ्या गावापुढं, तोंडातून एक शब्दही न काढता ते केलं. तुम्ही खोटं बोलला नाहीत. साहेबही बोलले नाहीत. तुम्ही फक्त शेजारी उभे राहिलात आणि ढोल वाजू दिलात.

जूनमध्ये तुम्ही मला सोलापूरच्या वसतिगृहात सोडायला आलात तो दिवस मी इतकी वर्षं जपून ठेवला होता. पत्र्याची पेटी तुमच्या डोक्यावर, माझ्या पायात तुम्ही स्टँडजवळ घेतलेल्या नव्या चपला. त्या चावत होत्या, पण मी सांगितलं नाही. फाटकाशी तुम्ही म्हणालात, “शीक. कुनी ईचारलं तर सांग, माज्या बापानं धाडलंय.” मग वळलात आणि मागं बघितलं नाही. मला वाटायचं तुम्हाला रडू येत होतं म्हणून बघितलं नाही. आता मला ठाऊक नाही. गावात भांडण झालं की एखादी म्हणायची, हिच्या शाळंपायी रान गेलं. मी तिच्याशी तावातावानं भांडायची. माझ्या बापानं देवाला साक्षी ठेवून रान राखलंय, म्हणायची. ज्या बाईला मी खोटी ठरवली तीच खरी होती.

मी तुमच्या बाजूनंही विचार केला, कारण तसा न करणं बरोबर नाही. कदाचित तुम्हाला दिसलं असेल की कुंपण आज ना उद्या पडणारच, मग निदान एक पोर तरी त्यातून वर येऊ दे. कदाचित वाटलं असेल की साहेब आहेत तोवर कुरण उघडेल, पुढचं मी पुढं बघीन. पुढं तुम्ही नव्हता. हे सगळं असेल. पण मग काकीला विचारायचं होतं. तिच्या विळ्यावर तुम्ही माझी पाटी ठेवलीत आणि तिला सांगितलंही नाही. ती अजून कानशिलावर बोटं मोडून कौतुकानं म्हणते, तुज्या बासारखा मानूस न्हाय व्हायचा. हे ऐकून घेणं आता मला जमत नाही.

अष्टमीला मी गप्प बसले तर कुणाला काही कळणार नाही. साहेब मुद्दाम बोलायला येणार नाहीत. नवी मंडळी देवाच्या शपथेला बिचकतीलही, कदाचित एवढ्यावर कुरण उघडेल, तुमचं नाव राहील आणि काकीचा विळा चालेल. तुम्ही हेच केलं असतं, शेजारी उभे राहिला असता. दोन दिवस मला तेच करावंसं वाटत होतं. पण ते कुरण साहेबांच्या कपाळावरच्या हळदीमुळे आपलं झालेलं नव्हतं. साहेब यायच्या कितीतरी आधीपासून ते दसऱ्याला उघडत होतं, म्हणून तर तिथं पक्षी राहिला. हे साहेब स्वतःच लिंबाखाली उभं राहून म्हणाले होते, आणि ते ढोल वाजायच्या आधी म्हणाले होते, सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मागायचं तर तेवढ्यावर मागायचं. मिळेल असं मी म्हणत नाही. माझं काम जाईल हे जवळजवळ नक्की. काकी मला घरात घेईल का, हे मला सांगता येत नाही, आणि सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती घटापुढं दिवा लावते आणि तुमच्या फोटोलाही हळदकुंकू लावते. आज मी तिच्याआधी उठून फोटो पुसला, तेवढा हात अजून आपोआप गेला.

मी काय करणार ते लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही. ढोल घेऊन बसणाऱ्याला आधी टिपऱ्या खाली ठेवायला सांगीन. मग देवापुढचं बेलाचं पान आणि भंडारा मुठीत धरीन, बाईमाणसानं आजवर धरलेला नसला तरी, आणि तुम्ही काय केलंत ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काकीकडे बघून बोलेन. त्यानंतर कुरणाचं बोलेन.

एक मात्र इथंच कबूल करते. मला शाळा फार आवडली, आबा. चपला चावत होत्या त्या दिवशीसुद्धा. इतका राग आला तरी ती परत द्यावी असं एकदाही मनात आलं नाही. हे लोकांपुढं माझ्या तोंडून निघेल का, मला माहीत नाही. बाकीचं सगळं अष्टमीला बोलणार आहे.