चढाला लागणारा कंट्रोलर

३ ऑक्टो., शुक्र.
गाडी बंद. काल दसऱ्याच्या पूजेसाठी बाने बॅटरीची रिक्षा धुतली. सीट उचलून आतही पाइप मारला. मी कामावर होते. बा म्हणतो, "देवापुढं उभी करायची, अन् पोटात घाण ठेवायची काय?" आज पोशेऱ्याच्या चढावर धक्का, धूर, वास.
कंट्रोलर उघडला. आत पाणी. तीन ट्रान्झिस्टर फुटलेले. मोटर ठीक, बॅटरी ठीक.
आईला सांगितलं : बॅटरीकडून घेऊन मोटरला मोजून देणारा मधला गेला.
"म्हंजे मुकादम," ती म्हणाली.

५ ऑक्टो., रवि.
ट्रान्झिस्टर बदलून पाहिले. उपयोग नाही, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्याच जळाल्यात. दुसराच शोधायला हवा.

६ ऑक्टो., सोम.
जव्हार. दुकानात नवा मिळतो. किंमत माझ्या दोन पगारांहून जास्त. दुकानदार म्हणाला, "मॅडम, घाटात ही गाडी घ्यायला सांगितली कोणी?" मी. हे त्याला सांगितलं नाही.

९ ऑक्टो., गुरु.
भट्टीवर मजूर नेणारा मुकादम घरी आला. भिवंडीकडची वीटभट्टी, दिवाळीनंतर. भट्टीवर जोडी लागते, एकटा माणूस घेत नाहीत. बा गेला तर आई जाणार. तिचा टीबीच्या औषधाचा कोर्स उन्हाळ्यात पुरा झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय : धूळ, धूर नको. भट्टी तर नकोच.
गाडी घेतली ती यासाठी.
बा : "गाडी सुधारतेय. यंदा नाय येत."
मुकादमाने गाडीवरचा वाळलेला हार पाहिला. "फोटूला घालतात तसा दिसतोय, काशीनाथदादा."
आई वरई पाखडत होती. थांबली नाही.
तो गेल्यावर मी हार काढून टाकला.

१२ ऑक्टो., रवि.
नाशिक. भंगाराच्या चार दुकानांत फिरले. आमच्या मापाचा एकच सापडला, परवडला नाही. दुसरा निम्म्या किमतीत, व्होल्टेज तेच, पण प्रवाह निम्मा. सपाट रस्त्यावरच्या गाडीचा.
"ले जाओ बेटा, मक्खन चलेगी."
"चढ पे?"
"चढ पे तो ट्रक भी रोता है."
घेतला. काय घेतेय हे माहीत असून घेतला.

१४ ऑक्टो., मंगळ.
वायरींचे रंग जुळत नाहीत. मागचं चाक उचलून एकेक जोडणी करून पाहिली. एकदा चाक जोरात उलटं फिरलं. आई हसली, "मुकादमाला बघून मागं पळते!" मग खोकला. बराच वेळ.
संध्याकाळी बरोबर जोडणी सापडली. बाला नियम सांगितला : चढावर फक्त ड्रायव्हर. माणसं खाली. वर पोचल्यावर कंट्रोलरला हात लावून बघायचा. चटका बसला तर थांबायचं.
"माणसं उतरवू? आपलीच माणसं?"
"हो."

१७ ऑक्टो., शुक्र. वाघबारस.
बाबरोबर मोखाड्याला गेले. परत येताना चढापाशी सगळ्यांना उतरवलं. बाजाराची ओझी डोक्यावर. शेजारची यमुआजी चालता चालता बाला म्हणाली, "काशी, भाडं तुला अन् पाय माझे? पुढल्या बारीला तू बस, मी ओढते."
सगळे हसले. बासुद्धा हसला.
कंट्रोलर कोमट. मी हिशेब केला होता तसाच.

२३ ऑक्टो., गुरु.
दिवाळी झाली. पाड्यातली माणसं आता फाट्यावरून जीप धरतात. जीपमध्ये कोंबून बसवतात, पण उतरवत नाहीत. त्यांना दोष नाही. बा सकाळपासून स्टँडवर, दुपारी रिकामा परत.
गाडी मात्र उत्तम चालते.

२५ ऑक्टो., शनि.
सूर्यमाळच्या सोलर पंपाचं काम संपवून आले, तर मुकादम ओट्यावर, चहा पीत. बाने होय म्हटलंय. सोमवारी सकाळी टेम्पो.
मी म्हटलं, जोडी म्हणजे दोन माणसं. मी येते.
मुकादम बाकडे बघून हसला. "ही? ही विटा थापायच्या आधी साचा मोजत बसंल."
नंतर आई चुलीपाशी म्हणाली, "तू नोकरी सोडायची नाय. मी नुसती मातीच मळीन."
मातीत राख मिसळतात. तिला ते माहीत आहे.

२७ ऑक्टो., सोम.
टेम्पो पाड्यापर्यंत चढत नाही, खाली फाट्यावर उभा आहे. हॉर्न दोनदा वाजला. बाने भांडी, तांदूळ, गोधड्या गाडीत भरल्या. आई मागच्या सीटवर बसलीय, पदर तोंडाशी. एवढं ओझं आणि दोन माणसं.
बाने विचारलं, "उतारावर तर चालंल ना?"
"चालेल."
खरंच चालेल. उताराला कंट्रोलरवर भार जवळजवळ नसतो.
मग त्याने हात पुढे केला. चावी माझ्याकडे आहे. मी आत येऊन हे लिहितेय. बाहेर तो हाक मारत नाही, नुसता उभा आहे.