ड्रायव्हर साइडचा दरवाजा

३ नोव्हें., सोम.
गाडीचा दरवाजा अजून मिळालेला नाही. शैलेशचं नेहमीचंच, "ताई, असे जुने पार्ट झाडाला लागतात काय?" झाडाला लागत नाहीत हे मलाही कळतं. पण पार्टवाल्याचा फोन आला की हा उठून बाल्कनीत का जातो, ते कळत नाही. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं.
अप्पांनी आज परत विचारलं. एक डिसेंबरला त्यांना हृदयाच्या व्हॉल्व्हच्या ऑपरेशनसाठी अ‍ॅडमिट करायचंय. त्याआधी एकच हौस: गाडीचा टप खाली करून पाम बीच रोडला एक चक्कर. "मी चालवणार नाही गं. नुसता बसेन."

६ नोव्हें., गुरु.
कॉलेजातून परस्पर कोपरखैरण्याच्या गावठाणात. नेरूळला आमच्या सोसायटीने भंगार म्हणून हाकलल्यापासून गाडी तिथेच, गोमाभाऊंच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ड्रायव्हरकडचा दरवाजा आणि त्यापुढचं मडगार्ड खालून पार कुजलंय. बोट लावलं तर पापुद्रे हातात. बाकी गाडी अजून रुबाबात.
गोमाभाऊ सहज म्हणाले, "तुमचा भाव आलता ना परवा. दोन मानसं व्हती संगती. गारीचे फोटू कारले, चारी बाजून."
शै. तर म्हणतो दिवाळीपासून तिकडे फिरकलोच नाही.
त्याला विचारलं नाही. आधी बघू.

९ नोव्हें., रवि.
महापेच्या डेंटरकडून कुर्ल्याच्या पार्टवाल्याचा नंबर घेतला. शै. ज्याच्याशी बाल्कनीत बोलतो तोच. स्वतःचं नाव सांगितलं नाही. गाडीचं मॉडेल सांगितलं आणि म्हटलं, "ड्रायव्हर साइडचा दरवाजा हवाय."
तो लगेच, "लेफ्टचा ना, मॅडम? आहे एक नजरेत."
फोन ठेवला, चहा टाकला, आणि दूध उतू जाताना डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे ड्रायव्हर साइड म्हटलं की उजवा दरवाजा. डावी ती क्लीनर साइड, मग गाडीला क्लीनर असो नसो. आमची गाडी तेवढी परदेशातून आलेली, स्टिअरिंग डावीकडे. हे मॉडेल इथे बाकी सगळं उजव्या स्टिअरिंगचंच. मी तर डावी-उजवी काहीच बोलले नव्हते.
म्हणजे ह्याने आमचीच गाडी पाहिलीय. फोटो काढणाऱ्या दोघांतला हा एक. आता दरवाजा विकणारा माणूस अख्खी गाडी चारी बाजूंनी कशाला बघेल? तसं बघतो तो गिऱ्हाईक.

१२ नोव्हें., बुध.
न राहवून विचारलं. शै.ने आधी फोन खिशात टाकला. मग, "हो, गेलो होतो. माप घ्यायला नेलं होतं त्यांना. तुला सांगितलं की तू उलटतपासणी घेतेस."
"आणि फोटो?"
"मापाचेच."
डिकीचंही माप घ्यावं लागतं वाटतं, पुढच्या दरवाजासाठी.
तो गेल्यावर रडू आलं. ह्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय. आणि आता त्याचा शब्दन् शब्द मी चिमटीत धरून बघते. वाईट वाटतं. तरी बघतेच.

२३ नोव्हें., रवि.
दरवाजा आला. मडगार्डही. शै. स्वतः टेम्पोतून घेऊन आला. डेंटरने शेडमध्येच बसवलं. दरवाजा एका झटक्यात लागला, खट्. गाडी गर्द हिरवी, दरवाजा फिका पिवळा. रंग नंतर बघू म्हणे.
"कुठून मिळाला?"
"मिळाला ना? बास की मग."
खूश व्हायला हवं होतं मी. पण डोक्यात एकच, की कुजक्या दरवाजाच्या गाडीला कोणी विचारत नाही. आता ही विकायच्या लायकीची झाली. अप्पांसाठी झाली की...

२९ नोव्हें., शनि.
शै.चा फोन. "ताई, उद्या चक्कर झाली की चावी माझ्याकडे दे. अप्पा अ‍ॅडमिट असेपर्यंत गाडीचं मी बघतो."
गाडीचं मी बघतो. चांगल्या मनाने घेतलं तर चांगलंच आहे हे. मला घेताच येईना.

३० नोव्हें., रवि.
चक्कर झाली. सकाळी, ऊन चढायच्या आत. शै. चालवत होता, मी मागे. अप्पा उजवीकडे, दोन्ही हात मांडीवर. शेजारच्या गाडीतली बाई डोळे फाडून बघत राहिली. तिला वाटलं असणार, म्हातारा हात सोडून गाडी हाणतोय. अप्पांच्या ते ध्यानात आलं. मग मुद्दाम डोळेही मिटून घेतले. आम्ही तिघं इतके हसलो की शै.ला गाडी कडेला घ्यावी लागली. तेवढा वेळ मी सगळं विसरले होते.
शेडमध्ये गाडी लावल्यावर शै.ने सवयीने चावी माझ्या हातात दिली.
घरी आलो. अप्पा म्हणाले, "चावी शैलेशला देऊन टाक गं."
मी पर्स उपसली, ओट्यावर शोधलं, शेवटी म्हटलं, "सापडत नाहीये. शेडमध्येच पडली असेल."
चावी ब्लाउजमध्ये होती, टोचत होती.
"मिळेल," अप्पा म्हणाले. शै. नुसता माझ्याकडे बघत राहिला. महिनाभर मी त्याच्याकडे बघतेय, अगदी तसं.
उद्या सकाळी अप्पांना न्यायचंय. आम्हा दोघांनाच.