पान चारचं प्रूफ

६ जून

ती. ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

आज सहाला उठले. पाणी भरलं, पडदे धुतले. दहा वाजता छापखान्याच्या बाई चर्चच्या मंडळीच्या मासिकाचं प्रूफ देऊन गेल्या. दुपारी ते वाचलं. संध्याकाळी बायबल अभ्यासाला गेले आणि साडेसातला परत आले.

तुझं पार्सल मिळालं. एवढ्या उकाड्यात लोकरीचे मोजे फक्त तूच पाठवू शकतेस. घालून पाहिले, मापाला बरोबर आहेत.

मासिकाचं काम या महिन्यापुरतं मीच करते असं बाईंना सांगितलं आहे. बावीस वर्षं यांनी ते तपासलं. मूळ प्रत मी मोठ्याने वाचायची आणि हे प्रुफावर पेन्सिल धरून बसायचे. स्वल्पविराम आला की मी टेबलावर एक टिचकी मारायची, पूर्णविराम आला की दोन. या वेळी दोन्ही कामं एकटीने केली, म्हणून वेळ लागला.

चौथ्या पानावर तुझी साक्ष आहे. तू ती पाळकसाहेबांना पाठवलीस हे मला माहीत नव्हतं. त्यात लिहिलं आहे की शेवटच्या दुपारी हे अर्धा तास पूर्ण शुद्धीवर होते, तुझ्यामागून त्यांनी पश्चात्तापाची प्रार्थना शब्दाशब्दाने म्हटली आणि मग शांतपणे डोळे मिटले. अभ्यासाला आलेल्या बायकांना हे आधीच कळलं होतं. पाळकीणबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, आता त्यांच्याविषयी कुणालाच घोर नको. शेवटची अकरा वर्षं हे मला चर्चच्या फाटकापर्यंत सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसायचे, तो सगळ्यांनाच घोर होता. ज्याची खात्री नाही ते चारचौघांत मोठ्याने म्हणवत नाही, एवढंच हे सांगायचे.

ताई, शेवटचे नऊ दिवस यांचा आवाज गेला होता. जे सांगायचं ते वहीवर लिहायचे. आणि त्या दिवशी तू मला उठवलंस तेव्हा म्हणालीस की ते झोपेतच गेले, हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. मग हा अर्धा तास कुठला? माझीच काही चूक होत असेल तर सांग. प्रूफ बावीस तारखेपर्यंत परत द्यायचं आहे.

भाचा, सूनबाई यांना सलाम. आहे तशी माया असू दे.

तुझी
चिमणी


१० जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

मोजे मापाला बसले हे वाचून बरं वाटलं. थंडी आल्यावर माझी आठवण काढशील. इकडे सूनबाईने माझा चहा निम्म्यावर आणला आहे. चाळीस वर्षं मी रुग्णांना पथ्यं सांगितली, आता ही पोरगी मला सांगते. देवाचा न्याय म्हणायचा.

अगं वेडे, साक्ष म्हणजे काय पोलिसांचा पंचनामा आहे का, मिनिटं मोजायला? आवाज नव्हता, पण ओठ होते ना? नर्सला ओठ वाचता येतात. थोडा वेळ जागे होते, मग गेले. त्या घाईत मी तुला काय म्हणाले ते आता मला आठवतही नाही.

तू उगाच डोक्यात किडे घालून घेऊ नकोस. दफनाच्या दिवशी तुमच्या मंडळीतल्या दोन बायका पायरीवर उभ्या राहून काय बोलत होत्या ते तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं. असा माणूस प्रभूकडे गेला असेल का, अशी चर्चा चालली होती. तुला आयुष्यभर त्यांच्यात बसायचं आहे. त्या साक्षीने त्यांची तोंडं बंद झाली, हे काय कमी आहे?

आणि आमचे प्रूफराव असते तर त्यांनी माझ्या चार ओळींत चाळीस चुका काढल्या असत्या, पण मजकुराला हात लावला नसता. मजकूर लिहिणाऱ्याचा, असं तेच म्हणायचे. तूही चुका तेवढ्या काढ आणि प्रूफ देऊन टाक.

वेळेवर जेव. पत्राचं उत्तर लांबवू नकोस, जीव लागून राहतो.

तुझी
ताई


१३ जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. पायरीवरच्या त्या दोघी कोण ते मला माहीत आहे. त्यातल्या एकीने तीन रविवार माझ्यासाठी डबा आणला. दोन्ही खरं आहे.

यांचा नियम तू बरोबर लिहिलास. पण ज्याच्याविषयी मजकूर आहे त्याच्या घरी प्रूफ दाखवायचं, हाही त्यांचाच नियम होता. म्हणून पुन्हा विचारते.

काल मी त्यांची वही काढली. रोज सकाळी पहिल्या पानावर मी तारीख घालत असे. शेवटच्या दिवसाची तीन पानं आहेत. पहिल्यावर पाणी. दुसऱ्यावर खिडकी उघड. तिसऱ्यावर लिहिलं आहे, तू जरा पड, ताई आहेत. ते वाचूनच मी पलीकडच्या खोलीत जाऊन आडवी झाले होते. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. तू जवळ आहेस, तू नर्स आहेस, म्हणून निर्धास्त झोपले.

त्यानंतरचं पान फाडलेलं आहे. वहीच्या तारेत कागदाचे बारके तुकडे अडकले आहेत. मी त्या वहीतलं एकही पान कधी फाडलं नाही.

ताई, लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की तू ते स्वतःवर घ्यायचीस. तुला खोटं नीट बोलता यायचं नाही, तरी घ्यायचीस. म्हणून मला वाटतं की याही वेळी तू माझ्यासाठीच काहीतरी केलं असशील. पण काय केलंस ते मला हवं आहे. त्या पानावर काय होतं?

रागावू नकोस.

तुझी
चिमणी


१७ जून

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

तीन कागद लिहून फाडले. हा चौथा. पान सोबत पाठवते आहे. ते माझ्या प्रार्थनेच्या वहीत होतं. फाडून टाकायला हात धजला नाही.

तू झोपलीस आणि सव्वातीनला त्यांनी डोळे उघडले. त्यांचा श्वास ऐकला आणि मला कळलं की आता फार वेळ नाही. चाळीस वर्षांत तो श्वास मी शंभरदा ऐकला आहे. मी त्यांना म्हटलं, आता तरी प्रभूचं नाव घ्या. त्यांनी हाताने वही मागितली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, आता कबुली लिहितात. त्यांनी लिहिलं ते तू पाहशीलच.

मी म्हटलं, उठवते, पण आधी एकदा हो म्हणा, नुसती मान हलवा. त्यांनी मान हलवली ती नाही म्हणून. मी प्रार्थना सुरू केली. त्यांनी लिहिलेल्या शब्दांवर बोट ठेवलं. मी त्यांचा दुसरा हात धरला आणि प्रार्थना चालूच ठेवली. मला वाटलं, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं, एकदा हे झालं की तुला हाक मारते. तुझा नवरा तुला अनंतकाळासाठी मिळेल, मग चार मिनिटं उशीर झाला तर काय बिघडलं. असंच मनात आलं, खोटं सांगत नाही. ते त्या शब्दांवर बोट वाजवत राहिले. पावणेचारच्या पुढे बोट थांबलं.

साक्ष मी नंतर लिहिली. लिहिता लिहिता मलाच ती खरी वाटायला लागली. तुला वाटेल मी मोठेपणासाठी केलं. तसं नाही गं. तुझ्यासाठीच केलं. त्यांच्यासाठीही.

मला तिकडे येऊ दे. समोर बसून बोल, मार हवं तर. पण बोल.

तुझी
ताई


२१ जून

ताई,

पान मिळालं. त्यावर 'तिला उठवा' एवढंच आहे. अक्षर वाकडं आहे, पण स्पष्ट आहे.

मी ज्या खोलीत झोपले होते तिला दार नाही, नुसता पडदा आहे. अंतर मी नंतर मोजलं. त्यांच्या पलंगापासून नऊ पावलं. तुला उठावंही लागलं नसतं. बसल्या जागेवरून नेहमीच्या आवाजात चिमणे म्हटलं असतंस तरी मी आले असते.

तू खोटी साक्ष लिहिलीस ते मी कदाचित गिळलं असतं. लोकांसाठी लिहिलीस, माझ्यासाठी लिहिलीस, असं म्हणून ते चौथं पान जाऊ दिलं असतं. पण त्या अर्ध्या तासात त्यांनी एकच गोष्ट मागितली, आणि ती माझी होती.

काल पाळकसाहेबांकडे जाऊन सांगितलं की पान चारवरची साक्ष खरी नाही, ती काढते आहे. ते म्हणाले की मंडळीला यातून किती धीर मिळाला आहे, बाई, चार ओळींनी कुणाचं काय जातं. मी म्हटलं, माझं जातं. त्यांनी तुझ्याविषयी विचारलं. मी काही सांगितलं नाही, आणि सांगणार नाही. वहीतलं ते पान माझं आहे, छापायचं नाही.

आज सकाळी पूर्ण मजकुरावर आडवी रेघ मारली. त्या जागी लिहिलं की या मासिकाची प्रुफं बावीस वर्षं तपासणारे गृहस्थ आठ एप्रिलला दुपारी वारले, आणि त्यांच्यामागे पत्नी आहे. छापखान्याच्या बाई म्हणाल्या की बरीच जागा मोकळी राहते. मी म्हटलं, राहू दे. रविवारी मासिक वाटतील. बायका विचारतील, तेव्हा मी खरं ते सांगेन, की ते काही म्हणाले नाहीत. मग डबा आला नाही तरी चालेल.

तू येऊ नकोस. तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. रोज तुझ्या दुखऱ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करते, सवयीने. पण प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही ओळ आली की माझं तोंड मिटतं. शेजारच्या बाईला वाटतं मला रडू आलं, ती पाठीवर हात ठेवते. ती ओळ म्हणता येईल त्या दिवशी तुला पत्र टाकीन. तो दिवस कधी येईल ते मला माहीत नाही. तोवर तू लिहू नकोस.

यांच्या पलंगाची गादी आज उन्हात टाकायची आहे. ती दोघांनी उचलायची आहे, पण गुंडाळून दोरी बांधली की एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर टेकवत गच्चीपर्यंत नेता येते. काल निम्म्या जिन्यापर्यंत नेऊन पाहिली. वर ऊन एक वाजेपर्यंतच असतं. आता दहा वाजलेत. दोरी शोधते.