माझं लायसन्स आणि रुआबांध्याचं घर

३ फेब्रुवारी
स्टील प्लांटमधून रिटायर होऊन आज वर्ष झालं. ठेकेदार व्हायचं पक्कं. शेषराव इलेक्ट्रिकल्स. पावर हाउसच्या बाजारात बोर्ड रंगवायला टाकला. राज्याचं लायसन्स लागतं म्हणे. बत्तीस वर्षं फर्नेसपाशी वायरिंग केली, आता हे मला तपासणार. अर्ज उद्या.

९ फेब्रुवारी
अर्ज राहिला, कारण काम मिळालं. आमच्या भाग्यश्रीचं रुआबांध्यातलं नवं घर. जावई हेमराज म्हणाला, लायसन्सवाला बोलवू. मी माझा प्लांटचा जुना गेट पास दाखवला. त्यानं घराची किल्ली दिली.

२१ फेब्रुवारी
अर्थिंगचा, म्हणजे गळका करंट जमिनीत उतरवायचा, खड्डा आठ फूट हवा. दोन फुटांवर दगड लागला. मजूर चिंधू म्हणाला, ब्रेकर आणतो, दोन दिवस द्या. गृहप्रवेश परवावर. तिथंच तांब्याची प्लेट पुरली. मीठ-कोळसा मात्र दुप्पट घातला. भरपाई झाली.

२३ फेब्रुवारी
गृहप्रवेश झकास. सगळे अनवाणी, मी चपलेत. बायकोनं, सत्यभामेनं, चारचौघांत विचारलं, पूजेत चप्पल कावून घालून राहिले? टाच दुखते म्हणालो. दुखतेच थोडी.

५ मार्च, दुपार
भाग्यश्रीचा फोन. पाण्याची मोटर चालू असली की नळाला हात लावताच मुंग्या येतात. म्हणालो, नव्या घराचं असतं असं. रबरी चप्पल घालून वापरत जा. रविवारी खड्डा खोल करतो.

१० मार्च
रविवार. बोर्ड लावायचा मुहूर्त आजचाच निघाला. खड्डा पुढच्या रविवारी.

१९ मार्च
अर्ज भरला. तपासणीसाठी केलेल्या एका कामाचा पत्ता मागतात. माझ्याकडे एकच आहे, रुआबांध्याचा. गल्लीतलं कुत्रं आठवड्यापासून भाग्यश्रीच्या नळाखाली पाणी प्यायला येत नाही म्हणे. कुत्र्यांचे नखरे.

२६ मार्च
नात टीना रांगायला लागली. सरळ मोरीतल्या नळाकडे जाते. रांगत्या पोरीला चप्पल कुठं घालायची, असं भाग्यश्रीनं विचारलं. मीच फोन ठेवला.

२ एप्रिल
लायसन्सचे साहेब रुआबांध्याला तपासणीला आले. नागपूरकडचे निघाले. बरं वाटलं, आपला माणूस. आधी मीटरपाशी गेले, मग खड्डा पाहिला. मोरीत बादलीभर पाणी ओतलं.
"शेषरावजी, काम तुमचंच हाय ना? चप्पल काढा अन् नळ खोला."
भाग्यश्री दारात उभी. टीना तिच्या कडेवर. मी पायाचा एक अंगठा चपलेच्या पट्ट्यातून बाहेर काढला. परत आत घातला.
साहेबांनी स्वतः नळ उघडला. मेन स्विच त्यांनी आल्याआल्याच बंद केला होता, नळात करंट नव्हताच.
भाग्यश्री माझ्या पायांकडे पाहत राहिली. "बाबा, तुमाले मालूम होतं."
टाच दुखते, असं सांगणार होतो.