डावी बाजू

दि. ४ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं ठीक आहे असं लिहिण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. बाबांनी यंदाचं स्वतःचं चित्र पुरं केलं. नेहमीसारखंच, दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेल्या रंगांत, लाकडी फळीवर, आरशात बघून. आणि नेहमीसारखंच, तुमचा शेरा येईपर्यंत ते भिंतीला लावायचं नाही! फोटो सोबत आहे.

काका, यंदाचं चित्र मला बघवत नाही. उजवीकडे एकेक सुरकुती मोजून घ्यावी, आणि डावीकडे कोरी फळी. कान नाही, चष्म्याची काच नाही, खांदा मध्येच सुटलाय. विचारलं तर म्हणाले, पुरं झालंय, तूच डोळे तपासून घे. हल्ली दाढीही एकाच गालाची करतात. ताटातलं डावीकडचं तसंच टाकून उठतात, आणि वर मलाच चिकट म्हणतात, भाजी वाढत नाहीस म्हणून. दाराच्या चौकटीवर डावा खांदा रोज आपटतो.

डॉक्टरांकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं: आधी दादाला दाखव, त्याला चित्रात खोट दिसली तर येतो. महिनाअखेरीला गोदामाच्या भिंतीचं काम आहे, तीन मजले उंच परांचीवर. तुम्ही ‘जा’ म्हणालात तरच ते जातील. लगेच लिहा, आणि माझ्यावर माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
खारू

दि. ११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

फोटो टेबलावर टेकवून तीन दिवस नुसता बघत बसलो. चहा दोनदा गार झाला. अगं, आमच्या धाकट्याने हे काय करून ठेवलंय!

नीट बघ. उजेड उजवीकडून येतो. आपली नजर त्याच्याबरोबर आत शिरते, गालावरच्या शेंदरी फटकाऱ्यापाशी रेंगाळते, नाकाच्या कडेवरून घसरते, आणि थेट पोकळीत पडते. मानेची रेघ जिथे तुटते तिथे माझा श्वास अडकला. एका बाजूला ऊन, दुसरीकडे रंगच न लागलेली फळी. अर्धा माणूस संसारात, अर्धा केव्हाच पलीकडे गेलेला. शाळेत कविता शिकवणारे आमचे मास्तर म्हणायचे, कवी जे बोलत नाही ते ऐका. त्या वर्गातला खडूचा वास आज इतक्या वर्षांनी नाकात आला.

दाढी, ताट, चौकट यांचं काय घेऊन बसलीस? हा जन्माचा वेंधळा. लहानपणी सदरा उलटा घालून शाळेत यायचा, सगळा वर्ग हसायचा आणि हा आपला खिडकीबाहेर ढग बघत. उगाच डॉक्टरकडे नेऊन त्याची तंद्री मोडू नकोस. सांग त्याला, दादा म्हणतो, आजवरचं सर्वांत मोठं चित्र. भिंतीला लाव.

तुझी काळजी मला कळते, वेडे. म्हाताऱ्यावर रागवायचं नाही, जीव लावत राहायचं.

तुझा,
काका

दि. २ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा गुरुवारी गेले. परांचीवर डावीकडची फळी जिथे संपते तिथून त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. सोबतचे रंगारी सांगतात, रस्त्यावरून चालावं तसे चालत गेले. दवाखान्यात नेईपर्यंत होते.

त्यांच्या खिशात तुमचं पत्र होतं, त्यात चित्राच्या फोटोची घरची प्रत. पत्र त्यांनी सकाळी सोबतच्या रंगाऱ्यांना दोनदा मोठ्याने वाचायला लावलं होतं. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि विचारलं, हे असं कधीपासून? म्हणाले, मेंदूत मागेच कधीतरी गुठळी झाली असणार. डोळे धड होते, पण डावी बाजू त्यांच्यापुरती उरलीच नव्हती, आणि ती नाही हेही त्यांना कळत नव्हतं. वेळेवर आणलं असतं तर निदान परांचीवर चढू दिलं नसतं.

मी तुम्हाला बोल लावत नाही. हात धरून न्यायला मीही होतेच. एकच विचारते. तुम्ही लिहिलंत ते तुम्हाला चित्रात खरंच दिसलं होतं, की लिहिता लिहिता सुचलं?

खारू

दि. १० मार्च

चि. खारूस,

सुचलं.

चार वेळा कागद फाडला. प्रत्येक वेळी वाक्य छान व्हायला लागायचं, म्हणून फाडला.

चित्र आज पुन्हा पाहिलं. उजवीकडे माझा भाऊ आहे. डावीकडे तो रंगवायचा राहिला आहे. त्यात ऊन नाही, पोकळी नाही, पलीकडे गेलेलं कुणी नाही. पाटीवरच्या अनुस्वाराचा ठिपका गोल आला नाही तर सबंध अक्षर खरवडून काढणारा माणूस तो. तो कान विसरेल?

तुझं पाकीट फोडलं तेव्हा फोटो हातात येताच मी म्हणालो होतो, अरे, ह्याला काय झालं? मोठ्याने म्हणालो होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरांना दिसलं ते मला त्यांच्याआधी दिसलं होतं, खारू. मग चष्मा पुसला, पेनात शाई भरली, आणि लिहायला बसलो.

काका